फाटकावरचं निळं पाणी

जुनवानीच्या आमच्या गल्लीत पहिली निळी बाटली कोपऱ्यावरच्या घराला लागली. कपड्यांना घालायची नीळ पाण्यात कालवायची, ते पाणी कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरायचं आणि बाटली फाटकाला सुतळीने बांधायची, म्हणजे कुत्री फाटकाशी घाण करत नाहीत. का करत नाहीत, हे कोणी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. दिवाळीपर्यंत सगळी गल्ली निळी झाली. आमचं एक फाटक सोडून.

मी प्लांटच्या प्रयोगशाळेत पोलादाचे नमुने तपासतो. तपासल्याशिवाय माल पास करायचा नाही, ही सवय घरीही सुटत नाही. शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले, नागपूरकडचे काका राहतात. त्यांना विचारलं, "काका, बाटली लावायच्या आधी किती कुत्री येत होती, आता किती येतात?"

"मोजून कोन ठेवते बापा?"

"मग लावली कावून?"

"सगळ्याईनं लावली. आपलंच फाटक खाली राह्यलं तं सारे कुत्रे आपल्याच घरी येतीन ना!"

यात तर्काची चूक काढता येईना. मग कोपऱ्यावरच्या घरी गेलो. त्यांच्या साडूच्या दुर्गच्या कॉलनीत सगळ्यांनी लावली होती, म्हणून त्यांनी लावली. साडूंना कोणी सांगितलं ते ठाऊक नव्हतं, पण एवढे लोक काय वेडे आहेत?

"अहो, लावा ना एक," बायको म्हणाली. "भाजीवाला पन विचारते, मॅडम, तुमची बाटली कुठं गेली म्हून."

खरं तर गल्लीत कायमचा म्हणावा असा कुत्रा एकच. तांबूस, एक कान फाटलेला. तो कोणाचाच नव्हता, म्हणजे माझ्या बाबांचा होता. बाबा प्लांटमधूनच निवृत्त झाले. आई गेल्यापासून त्यांचं बोलणं कमी झालं. इथल्या हिंदी मुलखात वाढलेली माझी मुलं त्यांना हिंदीत उत्तरं देतात, त्यामुळे आणखीच. रोज सकाळी ते बागेपर्यंत फिरायला जातात आणि वाटभर त्या कुत्र्याशी बोलतात. गावची शेती, फर्नेसवरच्या पाळ्या, गुडघा, सगळं. कुत्र्याला मराठी कितपत समजते माहीत नाही, पण तो हिंदीत उत्तर देत नाही.

रविवारी कॉलनीची बैठक होती. पाण्याच्या टाकीचा विषय संपल्यावर मी बाटलीचा काढला आणि सगळ्यांना कोपऱ्यावरच्या फाटकाशी घेऊन गेलो. तिथे तोच कुत्रा बाटलीला डोकं टेकून झोपला होता. गलक्याने उठला, बाटली हुंगली, तिच्यावरच पाय वर केला आणि पुन्हा आडवा झाला. लोक पोट धरून हसले. नमुना नापास झाला होता, तोही पंचांसमोर. मला फार बरं वाटलं.

मग अध्यक्ष म्हणाले, "मतलब बोतल से कुछ नहीं होता. तो फिर नगर निगम की गाड़ी बुला लेते हैं, कुत्ता ही ले जाएगी."

एक हात वर झाला. मग दुसरा. मग एकमेकांकडे बघत बाकीचे. काकांनी मागे वळून पाहिलं आणि आपलाही केला.

"काका, तुमी पन?"

"आता सगळ्याईनं केला ना बापा."

लोकांचा बाटलीवर विश्वास होता तोवर कुत्रा सुखरूप होता. हे गणित मी मांडलंच नव्हतं.

बाबा आमच्या फाटकाशी उभे राहून ऐकत होते. घरात आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "गाडी घेऊन जाते तं सोडते कुठं?" त्यांनी पुढ्यातला चहा बाजूला सारला. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायलाही गेले नाहीत.

संध्याकाळी मी अध्यक्षांकडे गेलो. म्हटलं, माझं चुकलं, दोष बाटलीचा नाही, प्रमाणाचा आहे. नीळ पातळ झाली. टोपणभर घाला, बाटली जमिनीपासून वीतभर वर बांधा, पंधरा दिवस पाहा आणि मगच गाडीचं बघा. वीतभरच का, हे कोणी विचारलं नाही, आणि मलाही सांगता आलं नसतं. "लॅबवाले साहब कह रहे हैं," एवढं पुरलं. दोन दिवसांत गल्ली गडद निळी झाली.

बाकीचं बाबांनी केलं. रोज सकाळी फाटकं उघडायच्या आधीच ते कुत्र्याला कॉलनीमागच्या मोकळ्या मैदानात नेऊ लागले. त्याचं सगळं तिकडेच उरकायचं, फाटकं स्वच्छ राहायची. पंधरा दिवसांनी गाडीचं नावही कोणी काढलं नाही. मागच्या गल्लीतल्या एक बाई मात्र प्रमाण विचारायला आल्या. मी सांगितलं. टोपणभर, वीतभर.

आमच्याही फाटकाला आता बाटली आहे, गल्लीत सर्वांत गडद. मी ती बांधत होतो तेव्हा काका कठड्यावरून म्हणाले, "आता कसे मानसाइत आले!"

परवा सकाळी कुत्रा नेहमीप्रमाणे बाबांना घ्यायला फाटकाशी आला, आमची बाटली हुंगली आणि पाय वर करून वीतभर उंची सहज गाठली. बाबांनी गल्लीत दोन्हीकडे पाहिलं, खांद्यावरच्या दुपट्ट्याने बाटली पुसली आणि हळूच म्हणाले, "तुले मालूम हाय. पन कोनाले सांगजो नको."