मशीन नको, हे कुणी म्हणायचं?

विनिता भिंगारदिवेच्या लग्नात चर्चच्या पाळकांनी पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, बराच मोठा भाग वाचला होता. पण त्यातली एकच गोष्ट वऱ्हाडाबरोबर तिच्या सासरी आली आणि कायमची राहिली: नवरा हा बायकोचं मस्तक असतो.

सासर म्हणजे अंबरनाथला मोरिवलीतलं दोन खोल्यांचं घर. नवरा श्यामकांत जांभूळच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात पंपावर कामाला होता. माणूस मुळीच वाईट नव्हता. हात उगारणं तर सोडाच, त्याने बायकोवर कधी आवाजही चढवला नाही. रविवारी उपासनेला निघताना तिची साडी इस्त्री करून ठेवणारा माणूस. पण घरात ठरवायचं ते त्यानेच. मुलीने, अक्षदाने, कॉमर्सला जायचं की सायन्सला, सुट्टीत नगरला जायचं की नाही, सगळं तो शांतपणे ठरवायचा आणि सांगायचा. खिडकीला फिकट पिवळे पडदे लावावेत असं विनिताला फार वाटत होतं. तपकिरी लागले, कारण ते मळखाऊ.

"तुम्ही म्हणाल तसं," असं ती म्हणायची. ती शिकवायची त्या बालवाडीत मात्र तिच्या एका नजरेने वर्गभर पोरं गप्प व्हायची. तिथली विनिताबाई चप्पल काढून घरात शिरली की निराळी होऊन जायची, आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नव्हतं. तिलासुद्धा नाही.

निवृत्तीनंतर श्यामकांतला खोकला लागला. औषधं बदलली, डॉक्टर बदलले, खोकला काही बदलला नाही. मग बदलापूरच्या एका डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, की फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत आणि ती पुन्हा मऊ करणारं औषध नाही. घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. संडासला जायचं म्हटलं तरी नळीची लांबी बघावी लागायची.

एका तपासणीला डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून घेतलं.

"एक गोष्ट आत्ताच बोलून ठेवूया," ते म्हणाले. "पुढे कधी खूप दम लागला, तर घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावायचा का? मी स्पष्ट सांगतो. या आजारात एकदा मशीनवर गेलेला माणूस परत मोकळा होणं फार अवघड असतं. तुम्ही नको म्हणालात तर उपचार थांबत नाहीत. मास्कने ऑक्सिजन देऊ, जीव घाबरा होऊ नये म्हणून औषध देऊ. पण काय ते तुम्ही ठरवा."

घरी आल्यावर विनिताने चहा टाकला. श्यामकांत कॉटवर बसून धाप कमी होण्याची वाट बघत होता. मग म्हणाला, "मला ती नळी नको."

तिने मान खाली घातली. नेहमीचं उत्तर ओठावर आलं होतं, तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "पण तू म्हणशील तसं."

विनिताला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. मग तिने हातातली गाळणी खाली ठेवली.

"पडद्याचा रंग तुम्ही ठरवलात," ती म्हणाली, "आणि हे मी ठरवू? इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला विचारताय, ते हे?"

इतक्या मोठ्याने ती त्या घरात कधी बोलली नव्हती. श्यामकांत गडबडला नाही. थांबत थांबत म्हणाला, "पडद्यात माझं चुकलं तर पडदा वाईट. यात मी जाणार, मागे तू राहणार. उद्या तुला वाटलं की माणसाला वाचवता आलं असतं, तर ते कोण भोगणार?"

खरी अडचण अशी होती, की विनिताला तो हवा होता. नळीसकट, मशीनसकट, कसाही. आपण नुसतं "लावा" म्हटलं की मशीन लागेल आणि तो मुकाट्याने सहन करेल, हे तिला कळून चुकलं. शेवटचा शब्द आपला असला की कसं वाटत असेल, असं तिने कधीकधी मनात म्हटलं होतं. आता तो मिळाला होता, तर तिला त्याची भीती वाटत होती.

रविवारी उपासनेनंतर श्यामकांतचे थोरले भाऊ कमळाकर आले. ते उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात राहायचे, तिथल्या चर्चच्या मंडळीत वडील, म्हणजे ज्येष्ठ कारभारी, होते, आणि येताना कॅम्पातून सिंधी दालपकवान बांधून आणायचे. जीव लावणारे, पण प्रार्थनेतसुद्धा मोठ्याने बोलणारे. नळी नको ही गोष्ट कानावर पडताच ते उसळले.

"जीव देवाने दिलाय. मशीनला नाही म्हणणं म्हणजे स्वतःहून जीव देणं झालं. हे पाप आहे, श्यामा! प्रभू मेलेल्याला उठवतो, तुझा विश्वास एवढ्यात संपला? आणि हे बायकोला काय विचारतोस? घरचं मस्तक तू आहेस ना? ठरव आणि सांग, की मशीन लावा!"

विनिता ताटल्या मांडत होती. ती हळूच म्हणाली, "दादा, मस्तक त्यांचं म्हणता, तर त्या मस्तकात काय आहे ते तरी ऐका. त्यांनी ठरवलंय. तुम्हाला पटत नाहीये एवढंच."

कमळाकर टोपी उचलून निघून गेले. दालपकवान तसंच राहिलं.

पण "पाप" हा शब्द घरात राहिला. त्या आठवड्यात श्यामकांत दोनदा म्हणाला, "दादा म्हणतो तसं असेल का गं?" तेव्हा विनिता उठली आणि पाळकबाईंना भेटायला गेली.

राजसी उमाप ही त्यांच्या मंडळीची पाळक, वयाने विनितापेक्षा बरीच लहान. तिने सगळं ऐकून घेतलं आणि आपलं मत सांगायच्या आधी शास्त्र उघडून विनितापुढे सरकवलं.

"तुमच्या लग्नात वाचलेला भाग आहे. पण दोन ओळी आधीपासून वाचा."

विनिताने वाचलं. बायकांना सांगण्याच्या आधीच तिथे सगळ्यांना सांगितलं होतं, की ख्रिस्ताचं भय बाळगून एकमेकांच्या अधीन राहा. आणि नवऱ्याला सांगितलेलं तर कितीतरी लांबलचक होतं: ख्रिस्ताने स्वतःला दिलं तसं त्याने बायकोसाठी स्वतःला द्यावं.

"हे एकमेकांचं कुणी बोललंच नाही," विनिता म्हणाली.

"वाचलं असेल हो. ऐकणाऱ्याच्या मनात जे बसतं तेच घरी जातं," राजसी हसली. मग गंभीर झाली. "श्यामकांतकाका तुमच्यावर ढकलत नाहीयेत. माझ्या मते ते पहिल्यांदा तो भाग पूर्ण पाळतायत."

"आणि पाप?"

"मी तुम्हाला कमळाकरकाकांविरुद्ध वचन शोधून देणार नाही. हवं ते वचन हव्या त्या बाजूला ओढता येतं. त्यांना वाटतं तसं वाटणारी भली माणसं मंडळीत आहेत. मला जे कळतं ते सांगते. मरण आणणं वेगळं आणि दारात आलेल्या मरणाची वाट न अडवणं वेगळं. मरणाच्या आदल्या रात्री बागेत आपला प्रभू रडून म्हणाला, की हे टळो. मग पित्याला म्हणाला, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. त्याला दोन्ही म्हणता आलं. तुम्हालाही आधी रडून मागायची मोकळीक आहे."

विनिता तिथे बसून खरंच रडली. राजसीने घाई केली नाही.

घरी येऊन तिने श्यामकांतला तो भाग वाचून दाखवला. मग पुस्तक मिटून म्हणाली, "आता माझं ऐका. मला तुम्ही मशीनवर का होईना, पण हवे आहात. हे मी बोलले नाही तर मी हो म्हटलेलं खोटं होईल."

त्याने ऐकलं. मग म्हणाला, "नळी घशात असली की बोलता येत नाही म्हणे. हातही बांधून ठेवतात. मला तुझ्याशी बोलत बोलत जायचंय गं."

दोन दिवस दोघं त्याच विषयावर येत राहिली, थांबत राहिली. तिसऱ्या दिवशी भाकऱ्या थापता थापता विनिता म्हणाली, "नको. आपल्याला नळी नको." त्याने नुसती मान हलवली. त्या दुपारी तो बऱ्याच दिवसांनी शांत झोपला.

दिवाळी झाली आणि एका सकाळी त्याला असा दम लागला, की ओठ निळे पडले. बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहणारी अक्षदा धावत आली. बदलापूरच्या हॉस्पिटलात ड्युटीवर नवीन डॉक्टर होते. त्यांनी व्हेंटिलेटरबद्दल विचारलं. श्यामकांत शुद्धीवर होता. त्याने मान हलवून नाही म्हटलं आणि विनिताकडे बोट केलं.

"आमचं ठरलंय," ती म्हणाली. "नळी नको. बाकी जे करता येईल ते सगळं करा." तिचा आवाज हलला नाही याचं तिलाच नवल वाटलं.

तेवढ्यात कमळाकर आले. दारातूनच ते म्हणाले, "डॉक्टरसाहब, लगाओ ना मशीन, देर क्यों..." आणि भावाकडे बघून थबकले. श्यामकांतने मास्क बाजूला केला.

"दादा, मी पळून नाही चाललो. प्रभू बोलवेल तेव्हा फक्त आडवा येऊ नकोस."

कमळाकर कॉटजवळ बसले. "थकलास का रे श्यामा?"

"खूप."

कमळाकरांनी त्याचा पाय धरला आणि डोळे मिटले. त्या दिवशी त्यांच्या प्रार्थनेचा आवाज शेजारच्या कॉटपर्यंतही गेला नाही. "याला सांभाळ," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

आणि औषध लागू पडलं. मास्कवरच श्वास हळूहळू जागेवर आला. आठवड्याने श्यामकांत घरी आला, तेव्हा विनिताला वाटलं छातीवरचा दगड कुणीतरी उचलून नेला. तो बरा झाला नव्हता, होणारही नव्हता. पण आता कोणत्याही दिवसाला दोघांना घाबरायचं नव्हतं, कारण त्या दिवशी काय म्हणायचं ते दोघांना माहीत होतं. त्या हिवाळ्यात दोघं दारातल्या उन्हात बसून मनसोक्त बोलली. कमळाकर दर आठवड्याला यायचे, वाद घालायचे नाहीत. एकदा ते विनिताला म्हणाले, "मला अजून पूर्ण पटलेलं नाही हां. पण तू त्याला एकटं पाडलं नाहीस."

फेब्रुवारीत, दुपारच्या वेळी, श्यामकांत गेला. शेवटच्या घटकेपर्यंत मधूनमधून बोलत होता. शेवटी त्याने पाणी मागितलं, आणि मग विनिताला म्हणाला, "तू पण पी." कमळाकर बेसूर आवाजात गीत म्हणत होते.

विनिता पुढे कित्येक दिवस मनाच्या टोचणीची वाट बघत होती. दुःख आलं, भरपूर आलं. भरलेल्या घरातही त्याच्या धापेचा आवाज नाही म्हणून ती दचकायची. पण आपण त्याला मारलं, असं तिला एकदाही वाटलं नाही.

महिना झाल्यावर अक्षदा म्हणाली, "आई, आता तू माझ्याकडे हेंद्रेपाड्याला चल. इथे एकटी कशी राहणार?"

"मी इथेच राहणार," विनिता म्हणाली. "बालवाडी जवळ आहे, चर्च जवळ आहे. शनिवारी येत जाईन तुझ्याकडे."

अक्षदाला वाटलं आई अजून काही बोलेल, आणखी कारणं देईल. पण विनिताने चहाचं आधण ठेवलं आणि विचारलं, "आलं घालू का?"