मेंदीखालचा पाय

देव मानतो तो आईच्या धाकानं. भुतं तर अजिबातच नाही. चिकलठाण्यातल्या एका कंपनीत मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. थर्मल कॅमेरा घेऊन पॅनलमधली कुठली वायर तापलीय ते शोधायचं, हेच काम. गरम ते स्क्रीनवर पिवळं-पांढरं, थंड ते निळं. यात भुताला जागाच नाही... असं वाटायचं.

गेल्या वर्षी धाकट्या भावाची वरात होती. दुपारी चारला मी आणि मामा घोडी बघायला गेलो — विमानतळाच्या मागं, घोडीवाल्या सुनीलच्या पत्र्याच्या शेडवर. पांढरी घोडी, चारी पायांना गुडघ्यापर्यंत मेंदी, खुरांच्या वर जरीच्या पट्ट्या. पण पुढचा डावा पाय ती टेकवत नव्हती.

"काय झालं हिला?"

"कुठं काय! माशा लई झाल्यात, म्हणून उचलती," सुनील म्हणाला.

कॅमेरा गाडीतच होता. घोड्याची दुखापत यात दिसते, असं कुठंतरी वाचलेलं. पायावर धरला. पट्टीखालचा सांधा स्क्रीनवर पांढरा पेटलेला... आणि त्या पांढऱ्यावर एक निळा हात. पाय मुठीत धरलेला. अंगठा, आणि बोटं तीनच.

लेन्स पुसली, बाजू बदलली, फोटो घेतला. हात तिथंच. ओल्या हाताचा थंड डाग असेल म्हणून मी पट्टी चाचपली — कोरडी ठणठणीत, वरूनच गरम लागत होती.

स्क्रीन बघून सुनील डोळे पुसायला लागला. "आमचे आण्णा... कडबा कुट्टीच्या मशीनीत पहिलं बोट गेलतं त्यांचं. ही त्यांनीच वाढवली. पाय सुजला की वलं फडकं घिऊन असंच धरून बसायचे." आण्णांना जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते.

पट्टी मीच सोडली. जो वास आला ना! मेंदीचा थर पापुद्र्यासारखा निघाला. खाली पू, आणि पुवात वळवळणाऱ्या अळ्या. मी बाहेर जाऊन भडाभडा ओकलो. जखमेवर मेंदी थापली होती या माणसानं! बापाच्या नावानं डोळे पुसत होता आणि बोटं अजून मेंदीनं लाल होती.

पण खरी शिसारी आली ती आमच्या मामांची. नाकाला रुमाल लावून म्हणतात, "नवी पट्टी बांध रे. अर्ध्या तासाचा तर प्रश्न हाय. घोडीबिगर वरात बरी दिसती व्हय?"

"मामा, तुमच्या पायात अळ्या असत्या तर नाचला असता का?"

मामा तणतणत निघून गेले. मी जनावरांच्या डॉक्टर शाहीन मॅडमना बोलावलं. त्यांनी तासभर चिमट्यानं अळ्या काढल्या. "और दो दिन चलाते ना, तर पाय गेलाच होता," म्हणाल्या. ड्रेसिंग झाल्यावर मी पुन्हा कॅमेरा धरला. पाय तसाच तापलेला होता. हात नव्हता.

भाऊ वरातीत पायी चालला आणि महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही. चालायचंच.

फोटो अजून माझ्याकडे आहे. कंपनीतले आमचे सिनियर म्हणाले, कुणाच्या तरी हाताचं रिफ्लेक्शन असेल. पण शेडमध्ये तेव्हा आम्ही तिघंच होतो, आणि तिघांची सगळी बोटं जागेवर होती. मेलेल्या माणसाचा हात तिथं कसा आला, मला आजही सांगता येत नाही. जिवंत माणसाचा हात ती मेंदी लावायला कसा धजला, तेही नाही.