स्क्रूच्या खाचेतली विभूती

खून, दरोडे, महामार्गावरच्या ट्रकचोऱ्या असं सगळं नोकरीत पाहिलं, आणि त्यातलं बरंचसं विसरलोही. जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटींचं एक प्रकरण मात्र विसरता येत नाही. निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. उमरग्याच्या बाजूला, महामार्गालगतच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो.

सकाळची हजेरी संपली तोच साठीच्या एक काकू आत आल्या. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे होते. मागं तिशी ओलांडलेला मुलगा खाली मान घालून उभा. काकूंच्या दिवंगत यजमानांचं एसटी स्टँडजवळ गेमचं दुकान होतं. पोरं टीव्हीसमोर बसून खेळायची. दुकान बंद होऊन जमाना झाला, पण कॅसेटींची पेटी त्यांनी माळ्यावर जपून ठेवली होती. ती पेटी गायब झाली होती.

"संशय कुणावर?" मी विचारलं.

"टीव्हीवाल्या मेकॅनिकवर. तो ह्यांच्या दुकानात कामाला व्हता. मागल्या महिन्यात घरी आला, पेटीची चौकशी केली," काकू म्हणाल्या. "माझा पोरगाच म्हनला, त्यानंच न्हेली असंल."

मी फिर्याद नोंदवून घेतली. ठाणे अंमलदाराला कॅसेटींचं 'कार्ट्रिज' हे इंग्रजी नाव लिहिता येईना. त्यानं लिहिलं, 'प्लॅस्टिकच्या चपट्या डब्या, आत हिरवी पट्टी, उपयोग समजत नाही.' ही त्या तपासातली सर्वांत प्रामाणिक नोंद होती, हे मला नंतर कळलं.

दोन दिवसांनी खबऱ्यानं सांगितलं, मेकॅनिकच्या दुकानात अशा डब्यांचं खोकं आहे. पंचांना घेऊन गेलो. मुद्देमाल जप्त करून काकूंसमोर मांडला. फाटलेल्या लेबलाची एक कॅसेट त्यांनी छातीशी धरली. "ह्येच की! ह्या हेलिकॉप्टरच्या चित्रावर माझं पोरगं दूध प्यायचं!"

एवढं मला पुरे झालं. मेकॅनिकला अटक केली.

पन्नाशीचा, सडपातळ माणूस. बोटांना सोल्डरिंगचे डाग. चौकशीत एकच धोशा.

"साब, माझ्या आहेत. हैदराबादच्या बाजारातून मीच आणल्या."

"मग काकूंच्या घरी कशाला गेला होतास?"

"मालक गेले, तेव्हा मी गावात नव्हतो. भेटायला गेलो. जुनी पेटी आठवली, विचारलं. विचारणं गुन्हा आहे का?" थोडं थांबून म्हणाला, "शुक्रवारी पोरीची मंगनी आहे, साब. बाप कोठडीत असला तर पाहुणे उंबऱ्यावरनं माघारी जातील."

आता अनुभवाची गोष्ट सांगतो. ज्याला पकडावं त्याच्या घरी त्याच आठवड्यात लग्न, बारसं नाहीतर ऑपरेशन असतंच. मी ते दर वेळी ऐकतो आणि दर वेळी या कानानं ऐकून त्या कानानं सोडतो. त्या दिवशीही सोडलं.

कोठडी मागायला न्यायालयात उभा राहिलो, तेव्हा न्यायाधीशांनी विचारलं, "लेबल सोडून दुसरी खूण कोणती?" मी पुन्हा लेबलच दाखवलं. दोन दिवसांची कोठडी मिळाली, पण तो प्रश्न पाठ सोडीना.

जिल्ह्यात या वस्तूंचा नाद असलेला एकच माणूस सापडला, धाराशिवच्या एका कॉलेजातले प्राध्यापक. पिशवीत बारीक पेचकस, खोडरबर आणि कॅसेटी चालवायचं जुनं यंत्र घेऊन ते गुरुवारी सकाळी हजर झाले. काकू आणि त्यांच्या मुलालाही बोलावलं होतं.

"साहेब, या लेबलांवर विश्वास ठेवू नका," ते म्हणाले. "ही सगळी नकली छपाई. एकाच चित्राखाली दहा वेगळे गेम निघतात. वर लिहिलंय नव्व्याण्णव गेम. आत चारच, तेच उलटून पालटून. खरी ओळख आतल्या चिपवर असते."

त्यांनी हेलिकॉप्टरवाल्या कॅसेटची हिरवी पट्टी खोडरबरानं घासून साफ केली, कॅसेट यंत्रात खुपसली आणि यंत्र ठाण्यातल्या टीव्हीला जोडलं. पडद्यावर हेलिकॉप्टर नव्हतंच. एक बेडूक उड्या मारत होता. दोन हवालदार 'उजवीकडं, उजवीकडं!' ओरडायला लागले. मी डोळे वटारले तेव्हा गप्प झाले. नंतर मीही एक डाव खेळलो, पण स्टेशन डायरीत ती नोंद नाही.

काकू मात्र कॅसेटी उलट्या करून बघत होत्या. "साहेब, ह्या आमच्या न्हाईत."

"का?"

"खंडेनवमीला दुकानातल्या हत्यारांची पूजा करायचो. दरसाली एकेका कॅसेटला मी सोता ओली विभूती लावायची. मागं स्क्रूची खाच हाय न्हवं, तिथं ती वाळून बसायची. ह्या खाचा कोऱ्या हाईत."

दसऱ्याला आम्हीही बंदुकांची पूजा करतो. खाचेत बसलेलं गंध पुढच्या दसऱ्यापर्यंत निघत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी विचारलं, "घासून काढली असेल तर?"

"छे!" प्राध्यापक म्हणाले. "अजिबात निघत नाही. मी टूथब्रशनं घासघास घासली—"

ते थांबले. मी खुर्ची पुढं ओढली. "कुठल्या कॅसेटींवरची, सर?"

त्यांचा चेहरा पडला. "मागच्या महिन्यात एक पेटी विकत घेतली. मोबाईलवर फोटो आले, पेटी पार्सलनं आली, देणाऱ्याला कधी पाहिलं नाही. देणारा म्हणाला, वडिलांची आहे." आणि त्यांनी काकूंच्या मुलाकडं पाहिलं.

"आई, म्या दिली," मुलगा म्हणाला. "तू न्हाय म्हनली असतीस. तू इचारलंस तवा मेकॅनिकचं नाव तोंडातून गेलं. तू ठाण्यात येशील असं वाटलं नव्हतं."

काकूंनी त्याच्याकडं पाठ फिरवली. मेकॅनिकला कोठडीतून बाहेर आणलं, तेव्हा त्याच्यासमोर हात जोडले. "भाई, चुकलं आमचं."

त्यानं मान हलवली, पण तो माझ्याकडं बघत होता. "मी सुटलो, साब. पण पाहुण्यांच्या गावात काय पोचेल माहीत आहे? पुराव्याअभावी सोडलं."

हे वाक्य आम्ही पोलीस शेकडो कागदांवर लिहितो. त्यात माणूस निम्माच सुटतो, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. फिर्याद गैरसमजातून झाली असा अहवाल मी त्याच दिवशी न्यायालयाला पाठवला. पण पाहुणे न्यायालयाचे अहवाल वाचत नाहीत.

शुक्रवारी दुपारी मी वर्दीत त्याच्या घरी गेलो. मांडवातलं बोलणं बंद पडलं. नवऱ्या मुलाचे आजोबा सतरंजीवर बसले होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "साहेब, त्याचा गुन्हा नव्हता म्हणता. मग गलती कुणाची?"

काकूंचं नाव सांगता आलं असतं. त्यांच्या मुलाचं सांगता आलं असतं. लेबलांचंही सांगता आलं असतं.

"माझी," मी म्हणालो. "मी उघडून बघितलं नाही."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत हा जबाब मी पहिल्यांदाच दिला, आणि तो लिहून घ्यायला तिथं कुणी नव्हतं. आजोबा सतरंजीवर बाजूला सरकले आणि शेजारची जागा हातानं झटकली.

"बसा," ते म्हणाले. "पोरीला बोलवा."