पेढीवरचं पांढरं फडकं

सुमनआत्या पदर झटकत होती. मी बी.कॉम. झालो ते तिच्या जिवावर. निकालाचे पेढे घेऊन मी पहिल्यांदाच तिच्या कामाच्या जागी, बारामतीतल्या सराफी पेढीवर गेलो होतो. तिच्या पायाखाली पांढरं फडकं अंथरलेलं. बाकावर गिऱ्हाइकं.

"केस बी मोकळं कर, सुमन," शेठ म्हणाले. "मणी अडकतोय कुठंतरी."

तिनं अंबाडा सोडला. केस झटकले. मग घमेल्यात हात धुतले. ते पाणीही पेढीनं ठेवून घेतलं, सोन्याचा कण जाऊ नये म्हणून. तिथली ही रोजची रीत होती.

आत्या दागिने गाठायची. मागच्या पडवीत पोत्यावर बसून रेशमी दोऱ्याला मेण लावायची, पायाच्या अंगठ्याला अडकवून पीळ द्यायची. बोरमाळेचे मणी पोकळ, आत लाख भरलेली. गाठ जोरात ओढली तर मणी चेपतो. हे मी लहानपणापासून ऐकत होतो. फडक्याचं कधी ऐकलं नव्हतं. तिनं सांगितलंच नव्हतं, मघाशी मी पडवीत जाऊन तिला भेटलो तेव्हाही नाही.

मी पेढा पुढं केला. शेठनी घेतला.

"पदवीधर झालास? ब्येस. आता तू बी खिसं झटक. पडवीत जाऊन आलास न्हवं?"

"झटक रं," आत्या हसत म्हणाली. "त्यात काय हाय?"

तिचं ते हसणं मला सहन झालं नाही.

"न्हाय झटकणार. आन् ती बी न्हाय झटकणार आता."

मी तिचा हात धरला आणि तिला बाहेर काढलं. तिला विचारलं नाही. पडवीत तिची ठुशी अर्धी गाठलेली राहिली.

दुसऱ्या दिवशी पेढीवरून निरोप आला, काम बंद. बाकीच्या सराफांनीही दिलं नाही. तिचा भाचा उलटं बोलतो, एवढं सगळ्यांना कळलं होतं. मग शेठचा दुसरा निरोप आला. पोरानं माफी मागावी, काम चालू.

"जा की," आत्या म्हणाली. "दोन शब्दांनी काय झिजतंय तुझं? आं? मी इतकी वर्सं झटकलं, मी मेले का?"

माझं शिक्षण त्या फडक्यावरूनच आलं होतं. ताठ मानेनं बोललो मी, हात रिकामे झाले तिचे.

आता मी लोणी देवकरला कारखान्यात स्टोअरला आहे, तिथंच खोली घेऊन राहतो. फोनवर ती "जेवलास का" विचारते आणि ठेवून देते. म्हणून तिला वाचता यावं असं मोठं अक्षर काढून पत्र लिहिलं.

"ती. आत्यास नमस्कार.

तुझं काम माझ्यामुळं गेलं. तुला न विचारता मी तुझ्या वतीनं बोललो, तो माझा दोष. रात्रंदिवस टोचतो. पण मी शेठची माफी मागणार नाही. मागितली तर उद्या तुझ्या जागी बसणाऱ्या बाईलाही केस सोडावे लागतील, आणि ते मी सही करून दिल्यासारखं होईल. घर मी चालवीन. त्याला उपकार म्हणू नकोस, तो तुझा हक्क आहे. माझ्या माफीवाचून शेठ घेत असतील आणि तुला त्या पेढीवर परत जायचं असेल तर जा, मी आडवा येणार नाही. मी मात्र माफी मागायला जाणार नाही. तू जन्मभर बोलली नाहीस तरी जाणार नाही."