कुलूप न लागलेलं घर

वेंगुर्ल्यात आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो, आई आणि मी. बाबा मुंबईला गिरणीत. तिथे गाववाल्यांच्या एका खोलीत वीस-पंचवीस पुरुष पाळीपाळीने निजायचे, बायकामुलांना जागा कुठली? वर्षातून एकदा, मे महिन्यात, पंधरा दिवस येत. परतताना बोटीवर चढले की वळूनसुद्धा बघत नसत. मला त्याचा भयंकर राग यायचा. पुढे महिनाभर मी त्यांचा जुना सदरा उशाला घेऊन झोपायची.

पुढे घरमालकाने मागच्या परड्यात काजूचा कारखाना काढला. धंदा वाढला, बिया साठवायला त्याला आमच्या खोल्या हव्याशा झाल्या. पण भाडेकरूला उगाच काढता येत नाही, असा कायदा होता. मग त्याचा दिवाणजी आला आणि आईला गोड आवाजात म्हणाला, "वैनी, ऱ्हवा खुशाल. पण दाराक कुलूप लागला, की कायदो सोपलो."

मेला एवढंच बोलून गेला! घर बंद दिसलं की कायदा संपला, हे आईने मनाशी घट्ट बांधून ठेवलं. मामाच्या लग्नालाही मला शेजारणीबरोबर पाठवलं, स्वतः गेली नाही. चूल मुद्दाम ओल्या लाकडांनी पेटवायची, धूर थेट मालकाच्या ओसरीवर. "दिसांदे तेका, आमी हयच आसंव!" मग दोघी डोळे चोळत हसायचो.

आणि एक दिवस बाबांचं पत्र आलं. चाळीत खोली मिळाली होती. एकच, पण आमची. 'दोघी या. चुलीजवळ खिडकी आहे, तुला बरं पडेल.' आईने ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मी तर ट्रंकच ओढून काढली.

"चल ना गो आये!"

"आणि ह्या घर? उद्या गिरण बंद पडली तर खंय जातलंव?" असं म्हणून ती पाठ फिरवून तांदूळ निवडायला बसली.

बाबांनी वर्षभर खोली धरून ठेवली. मग ती दुसऱ्या कुणा जोडप्याला दिली आणि परत गाववाल्यांत राहायला गेले. दोन वर्षांनी तिथेच तापाने गेले. आम्हाला तार मिळाली.

नंतर मी कचेरीत टायपिस्ट झाले. एका भाडेकरूच्या दाव्याचा कागद टाइप करताना वाचलं, की कारणाशिवाय सलग सहा महिने घर बंद राहिलं, तर मालकाला ताबा मागता येतो. सहा महिने! घरी येऊन चपला न काढताच मी ते ओकून टाकलं. बोलायला नको होतं, पण राग आला की माझं असंच होतं.

आई खोबरं खवत होती. तिने वर न बघता विचारलं, "म्हणजे पाच म्हयने मुंबयक जावन ऱ्हवलंय असतंय, तर चलला असता?"

"हो."

"दिवाळेपासून गुढीपाडव्यापर्यंत?"

"हो गो."

"दर वर्सा?"

मी वाकून चपला काढल्या.