लुत्सियान आणि विधवेचा वळू

पोलंडमधल्या बिद्गोश्च शहराचा लुत्सियान पिगोन शंभर मीटर पळू लागला, की बघणाऱ्याला वाटावं, पोलीस मागे लागलेत. मग युद्ध आलं, देश गेला, आणि पडत-धडपडत तो इंग्लंडला पोचला. तिथल्या पोलिश तुकडीनं त्याला बॉम्बफेकी विमानाच्या शेपटीत मशिनगनवर बसवलं.

"एवढे पाय कमावलेस लेका, आणि काम मिळालं ते बसायचं!" वैमानिक बोलेक चिडवायचा.

एकदा परतताना इंजिन पेटलं. सगळ्यांनी उड्या टाकल्या. लुत्सियान उतरला तो कोबीच्या शेतात. समोर दाताळं रोखून उभी मिसेस ओल्डरॉइड, शेताची विधवा मालकीण. तिला वाटलं, जर्मन आला! लुत्सियानला इंग्रजीची दोनच वाक्यं येत. घाबरून त्यानं नेमकं चुकीचं निवडलं, "दोन बिअर द्या."

बाईनं गोठ्याचं दार उघडलं. वळू बाहेर आला.

पायात जड बूट, अंगात कातडी कोट, तरी लुत्सियान असा सुटला की कुंपणावरून थेट गावच्या हवालदाराच्या अंगावर कोसळला.

"जन्मात इतका जोरात पळालो नव्हतो!" छावणीत तो सांगू लागला.

"वेळ कुणी मोजली?" बोलेक म्हणाला. "वळूनं?"

हे त्याला फार लागलं. सुट्टी मिळताच बोलेकला आणि एका स्टॉपवॉचला घेऊन तो शेतावर हजर. बोलेकनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत मागणी सांगितली.

"वळू पुन्हा सोडू?" बाईंनी दोघांना नीट न्याहाळलं. "आधी चहा घ्या. डोकी ठिकाणावर येतील."

आली नाहीत. वळू सोडला. त्यानं लुत्सियानकडे पाहिलं, फतकल मारली आणि रवंथ सुरू केलं. लुत्सियाननं मफलर नाचवला, शिव्या दिल्या, शेवटी हात जोडले. वळू ढिम्म. वेळ मोजणारा बोलेक तर केव्हाच स्वयंपाकघरात पळाला होता आणि केकचा तिसरा तुकडा संपवत होता. युद्ध संपल्यावर त्यानं त्या बाईंशीच लग्न केलं.

पोलंड आता रशियाच्या मुठीत होता; लुत्सियानला मायदेशी परतायची सोय उरली नव्हती. तो कॅनडाला गेला, विनिपेगमध्ये ब्रोन्याशी लग्न करून सॉसेजचं दुकान थाटलं. रविवारी पोलिश क्लबात कुणी ना कुणी विचारायचं, "पिगोनसाहेब, तुमची सगळ्यात भारी शर्यत कुठली?"

सगळे वळूची वाट बघत. तो मात्र बिद्गोश्चची एक साधी शर्यत सांगायचा. तीत तो तिसरा आला होता.

"तिसरा? त्यात काय विशेष?"

"आई बघायला आली होती," तो म्हणायचा. "पुढं भेट झालीच नाही."

मग ब्रोन्या त्याच्यापुढं बीटाच्या सुपाचा वाडगा सरकवायची. "जेव आता, गार होतंय."