नवसाबाईंचा ळ

सावळीराम काकड गुरुजी निवृत्त झाले, ही बातमी अजून त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नाही. घंटागाडीवाल्याला ते ओला कचरा आणि सुका कचरा यांतला फरक रोज समजावून देतात आणि वर विचारतात, "समजलं का?" मखमलाबादच्या आमच्या गल्लीत गतिरोधक आला, दिवे आले, ते सगळं गुरुजींच्या अर्जांमुळे. वाचणारे साहेब त्यांच्या शुद्धलेखनालाच घाबरत असावेत, असं माझं मत आहे.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी बायकांसाठी साक्षरता वर्ग काढला आणि जागा म्हणून माझं पार्किंग नक्की केलं. मला विचारलं नाही. चौथीत त्यांनी मला शिकवलंय, त्यामुळे माझ्या स्कूटरवरही त्यांचा हक्क आहे. दुपार झाली की ती बिचारी वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखी उन्हात उभी राहते आणि आत फळा लागतो. पहाटे झेंडू-शेवंती खुडून बाजारात देऊन आलेल्या बायका जेवण उरकून पाटी घेऊन येतात. कुणाला बसची पाटी वाचायची असते, कुणाला नातवाचा मेसेज.

पहिल्याच दिवशी गोजराबाईंनी विचारलं, "गुरुजी, आमचं ठीक हाय. घरच्या बाईचं काय?"

गुरुजी गोरेमोरे झाले. एवढी पोरं घडवणाऱ्या या माणसाची बायको, नवसाबाई, अंगठा लावत होती. नामपूर, येवला, सुरगाणा अशा बदल्यांत गुरुजींची सगळी नोकरी सरली. रविवारी घरी यायचे, तेव्हा नवसाबाई मळ्यात असायच्या. घर उभं राहिलं ते त्या मळ्यातल्या फुलांवर, हे गुरुजीही मान्य करतात, फक्त मोठ्याने नाही. दुसऱ्या दिवसापासून नवसाबाई शेवटच्या रांगेत बसू लागल्या.

हजेरी म्हणजे गुरुजींचा जीव की प्राण. एकेक नाव असं खणखणीत घेतात, की शेजारच्या गल्लीतलं कुत्रं उठून बसतं. नवसाबाईंची पाळी आली की मात्र घसा खाकरायचे, तिकडे बघून नुसतं "हं" म्हणायचे. नवसाबाई "हजर" म्हणायच्या आणि वर्ग पुढे चालायचा.

वर्गाचा नियम असा, की फळ्यावर आपलं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, न चुकता लिहायचं. मग पाटी सुटते आणि वाचायचं पुस्तक हातात पडतं. एकेक करत सगळ्या बायका पुस्तकावर गेल्या. येवल्याला बहिणीकडे एकटीने बसने जायची नवसाबाईंची मोठी हौस, पण त्या पाटीवरच राहिल्या. "नवसाबाई" ठसठशीत लिहायच्या, मध्ये मोकळी जागा सोडायच्या आणि शेवटी "काकड".

गुरुजींनी निदान केलं: ळ अडतोय. मग महिनाभर केळं, बाळ, मळा, पोळी चाललं. नवसाबाईंचा ळ गुरुजींपेक्षा वळणदार झाला. तरी फळ्यावर मधली जागा मोकळीच.

"माझ्याच घरचं माणूस मागे राहिलं," गुरुजी एकदा मला म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी शिकवलं तरी काय?" तेव्हा मात्र थट्टा सुचली नाही. मला खरंच वाईट वाटलं.

शेवटी गोजराबाईंना राहवलं नाही. "अवो गुरुजी, तिला सगळं येतंय. नवऱ्याचं नाव असं उघडं कसं घ्यायचं?"

"तुम्ही सगळ्यांनी लिहिलं ना?"

"आमचे धनी इथं हायत का? हिचे तर समोर खुर्ची टाकून बसलेत!"

वर्ग हसून लोटपोट झाला. गुरुजी चष्मा काढून उठले. "मग मी बाहेर थांबू का?"

"नको," नवसाबाई म्हणाल्या, "उखाण्यात लिहिते." त्यांनी पदर खोचला, खडू घेतला आणि सावकाश लिहिलं:

गावाला केलं शहानं, घरी फुटला घाम,
चाळीस वर्षांनी माझे गुरुजी झाले सावळीराम.

गुरुजींनी वाचलं. पुन्हा वाचलं. सवयीने हात खडूकडे गेला, कारण "शहानं" त्यांना खुपत होतं. "ण," एवढंच म्हणाले.

"ण मग बघू," नवसाबाई म्हणाल्या. "मी घेतलं. आता तुम्ही घ्या. रोज नुसतं हं करता."

बायकांनी तोंडाला पदर लावले. साऱ्या जिल्ह्यात हजेरी घेत फिरलेला माणूस माझ्या पार्किंगमध्ये घामाघूम उभा होता. त्यांनी चष्मा पुसला, परत लावला, घसा खाकरला.

"नवसाबाई सावळीराम काकड."

आवाज काही खणखणीत नव्हता.

"हजर," नवसाबाई म्हणाल्या आणि पुस्तकासाठी हात पुढे केला.